अठ्ठाविसाव्या दिवसाचं वजन

आमच्याकडे महिना पंचवीस तारखेला संपतो. हे मला नर्सिंगच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिथं चार वर्षं नाडी, रक्तदाब, बाळंतपण, जखमा असलं सगळं शिकले, चांगल्या मार्कांनी पास झाले. पण उपकेंद्रात रुजू झाले तेव्हा पहिल्याच महिन्यात कळलं, की तालुक्याला अहवाल पंचवीसला पोचला पाहिजे आणि त्यात काम मात्र अख्ख्या महिन्याचं दिसलं पाहिजे. उरलेले पाच दिवस कुठून आणायचे, हे ज्याचं त्यानं बघायचं. सगळे बघतात. पंचवीसला दुपारी आम्ही टेबलाभोवती बसतो आणि सव्वीस ते तीस या तारखांना जे अजून घडलेलंच नाही, ते वहीत घडवून टाकतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांच्या रांगेत मीही उभी आहे, हे लक्षात राहील.

माझं उपकेंद्र जिल्ह्याच्या पूर्वेला, कोरडवाहू भागात. बाजरी, तूर, कापूस, आणि तेही पाऊस धड झाला तर. दसरा-दिवाळीच्या मागंपुढं अर्धं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. मी अशाच घरातली. लहानपणीचे कितीतरी हिवाळे मी कारखान्याच्या कडेला, पाचटाच्या झोपडीत, कोपीत काढलेत. पुढं मावशीनं ठेवून घेतलं म्हणून शाळा झाली, शाळा झाली म्हणून बीएस्सी नर्सिंग झालं. आमच्या भावकीत पदवीचा कागद घरी आणणारी पहिली मी. हे मी मिरवते. ज्याला मिरवणं खटकतं त्यानं एक हिवाळा कोपीत काढून बघावा.

उपकेंद्रात माझं पद समुदाय आरोग्य अधिकारी. बाहेरच्या भिंतीवर पद रंगवलंय, खाली नावाची जागा कोरी आहे. कंत्राट दरवर्षी नव्यानं होतं. रंग कशाला वाया घालवायचा, असं पेंटरला कुणीतरी सांगितलं असणार.

आणि आमच्या आशाताई. आशा म्हणजे गावातलीच बाई. गरोदर बाया, बाळंतिणी, तान्ही लेकरं यांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करायची, त्यांना दवाखान्यापर्यंत आणायचं, हे तिचं काम. सरकारदरबारी ती स्वयंसेविका. म्हणजे काम नोकरीसारखं आणि नोकरी मात्र नाही. आमच्या आशाताई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, सातवी शिकलेल्या, आवाज असा की वस्तीच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाची म्हैस कान टवकारते. मी रुजू झाले त्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "म्याडम, तुमी इतक्या बारक्या, बाया तुमच्याकडनं सुई टोचून घेतील का तुमालाच दूध पाजतील?" आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली.

त्यांच्या जिभेपुढं सासवा टिकत नसत. एका घरी सासूनं सुनेच्या रक्तवाढीच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. का, तर म्हणे सवय लागते. आशाताई उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, "मावशे, तुला तंबाखूची सवय लागली तवा तू कुनाला इचारलं हुतं गं?" सासू हसली आणि स्वतः जाऊन नवी पाकिटं घेऊन आली. हे मला चार वर्षांची पदवी घेऊनही येत नव्हतं.

त्या वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधीच्या महिन्यात, दोन तारखेला, वस्तीवरच्या एका पोरीला मुलगा झाला. पहिलटकरीण, वय कोवळं, बाळ थोडं हलकं पण ठणठणीत. बाळ जन्मलं की आशाताईंनी ठरलेल्या दिवशी घरी जायचं असतं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या. ताप बघायचा, दूध ओढतंय का बघायचं, झोळीच्या काट्याला टांगून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. त्या बाळाकडं त्या एकही दिवस चुकल्या नव्हत्या. बावीस तारखेला, एकविसाव्या दिवशी, तिथून थेट उपकेंद्रात आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "म्याडम, गडी दोन किलो सातशे झाला! काट्याला लाथा मारतोय!"

तीन दिवसांनी पंचवीस तारीख. आम्ही दोघी टेबलाशी बसलो. सगळे रकाने भरले आणि एकच राहिला. या बाळाचा अठ्ठाविसावा दिवस एकोणतीसला येत होता.

"टाका अंदाजानं," मी म्हणाले.

"एकुनतीसला जाती ना मी. मंग लिवू की."

"ताई, आज पाठवायचंय. एवढ्या एकासाठी आपलं शंभर टक्के अडतंय. तुम्ही जाणारच आहात, वजन वाढणारच आहे."

त्यांनी पेन हातात धरून माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्या गोल गोल अक्षरात लिहिलं: बाळ घरी. दूध ओढते. वजन दोन किलो नऊशे. सुखरूप. मी ते आरोग्य खात्याच्या पोर्टलवर चढवलं आणि बटण दाबलं. संध्याकाळी तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्ता आला. आमच्या उपकेंद्राची ओळ सगळ्यात वर, हिरवीगार. तालुका आरोग्य अधिकारी साहेबांनी अंगठा दिला. मी त्याचा फोटो काढून मावशीला पाठवला.

त्याच संध्याकाळी वस्तीवर टोळीचा ट्रॅक्टर आला. नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. घरच्यांनी भांडीकुंडी, कोयते, शेळी, बाळंतीण आणि चोवीस दिवसांचं बाळ ट्रॉलीत चढवलं आणि ते श्रीरामपूरच्या बाजूला निघून गेले. आशाताईंना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या ट्रॅक्टरपुढं आडव्या पडल्या असत्या, हे घरच्यांना ठाऊक होतं.

अठ्ठावीस तारखेच्या सकाळी बाळ कोपीतच दगावलं. छाती भरली होती. बाळाच्या आजीचा आशाताईंना फोन आला. त्या उपकेंद्रात आल्या, दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्याडम, गेलं ते." एवढंच. मी त्यांना पाणी दिलं. त्या ते प्यायल्या नाहीत, पेला हातात धरून राहिल्या.

खरं सांगते, वहीची आठवण आम्हाला दोघींनाही आली नाही. आठवण आली ती पोर्टलला. तिकडच्या दवाखान्यानं बाळाचा मृत्यू अठ्ठावीसला नोंदवला. इकडं आमच्या नोंदीत ते बाळ एकोणतीसला घरी होतं, दूध ओढत होतं आणि दोनशे ग्रॅमनं वाढलं होतं.

पुढच्या आठवड्यात तालुक्याला मासिक बैठक झाली. हॉल भरलेला, साठ-सत्तर बाया, आम्ही अधिकारी पुढच्या खुर्च्यांवर. साहेबांनी आशाताईंना उभं केलं. कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "काय हो ताई, मेलेलं लेकरू दोनशे ग्रॅमनं वाढलं? काय पाजलंत तुम्ही त्याला?"

काही जणी हसल्या. साहेबांना बरं वाटावं म्हणून हसतात तसं. हसणाऱ्यांना मी दोष देणार नाही, त्यांच्याही वह्यांत असलेच रकाने होते आणि आज आपण वाचलो याचा तो सुस्कारा होता. पण साहेब म्हणजे डॉक्टर माणूस. त्यानं किती आया बघितल्या असतील. ज्या बाईनं त्या बाळाला चार वेळा स्वतःच्या हातांनी झोळीत घातलं, तिला साठ माणसांत असं विचारायचं? कुठल्या पुस्तकात शिकवतात हे? मी तर नाही वाचलं.

आणि मी काय केलं? मी पुढच्या खुर्चीवर बसून माझ्या पायातल्या चपलेकडं बघत राहिले.

नोटीस आली ती आशाताईंना. "खोटी नोंद केल्याबद्दल आपणास कामावरून कमी का करण्यात येऊ नये?" तीन दिवसांत खुलासा. मला नोटीस नाही, कारण वहीतलं अक्षर त्यांचं होतं. मी नुसतं बोटानं बटण दाबलं होतं आणि बोटाला हस्ताक्षर नसतं. आशाताई नोटीस घेऊन माझ्याकडं आल्या. मी त्यांना खुलासा लिहून दिला, माझ्या शुद्ध, पदवीधर मराठीत: "सदर नोंद नजरचुकीने झाली असून त्याबद्दल दिलगीर आहे." त्यांनी न वाचता सही केली. नजरचुकीने! घराण्यातल्या पहिल्या पदवीचा उपयोग कशासाठी झाला बघा.

त्यानंतरच्या आशाताई वेगळ्याच होत्या. काम चुकवत नव्हत्या. लसीकरणाच्या दिवशी बाया गोळा करून आणायच्या, रांग लावायच्या. पण बाळ काट्याला टांगायची वेळ आली की बाहेर जायच्या. आमच्या उपकेंद्रातल्या नर्स सिस्टर म्हणाल्या, "ताई, धरा की जरा झोळी." तर म्हणे, "तुमीच धरा, माजा हात वला हाय." हात कोरडा असायचा. विनोद बंद. टोमणे बंद. एक दिवस त्यांची सून गोळ्या न्यायला आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आत्याबाई पिठाचा डबा उचलत्यात आन् तसाच हातात धरून तोलीत उभ्या राहत्यात. हाक मारली तरी ऐकू जात न्हाई."

मी तालुक्याला फोन केला. म्हणाले, लेखी द्या. मी लेखी दिलं: "आमच्या आशा स्वयंसेविकेस मानसिक आधाराची गरज आहे." त्यावर पंधरा दिवस काही नाही. मग एक परिपत्रक आलं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी, ताणतणाव व्यवस्थापन कार्यशाळा, नगरला, रविवारी. मला वाटलं, आपल्या पत्राचाच हा परिणाम. किती भोळं असावं माणसानं! मी आशाताईंना म्हटलं, "चला माझ्याबरोबर. तिथं बोलायला माणसं असतात." त्या नको म्हणत होत्या. मी ओढूनच नेलं. पहाटेची एसटी, दोन तास, मग शहरात रिक्षा. हॉलच्या दारात मोठा बॅनर, त्यावर उगवता सूर्य आणि हात पसरून उभी असलेली एक बाई. तसं हात पसरून उभं राहायला आमच्यातल्या कुणाला कधी वेळ मिळालाय?

दाराशी टेबल लावून एक क्लार्क बसले होते. त्यांनी यादीत बोट फिरवलं. माझ्या नावापुढं सही घेतली.

"आणि या?"

"आमच्या आशाताई."

"आशा यादीत नाहीत, मॅडम. कार्यशाळा कर्मचाऱ्यांसाठी आहे. आशा म्हणजे स्वयंसेविका."

"त्यांच्यासाठीच तर मी पत्र दिलं होतं."

"असेल. पण जेवणाची पाकिटंही यादीप्रमाणेच आलीत. मी तरी काय करणार?"

मी भांडायच्या बेतात होते. आशाताईंनी माझा दंड धरला आणि त्या क्लार्कला म्हणाल्या, "खरं हाय बाबा. मी कर्मचारी न्हाई. नोटिशीला तेवढी बरूबर घावती." इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच असं काही बोलल्या होत्या. आणि मग माझी पिशवी माझ्या हातातून घेऊन म्हणाल्या, "तुमी जावा आत. मी बसती हितं, सामान बघती."

मी आत गेले. का गेले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. यादीत नाव असलं की माणूस जातो.

आत एक प्रशिक्षक होते, हातात माईक, अंगात जाकीट. आधी टाळ्या वाजवायला लावल्या. मग पोटापासून हसायला लावलं: "हो हो, हा हा!" माझ्या शेजारची बाई नाईट ड्युटी करून सरळ आलेली, ती डोळे मिटून हा हा करत होती, झोपेत बोलावं तशी. मग प्रत्येकाला एक फुगा आणि एक मार्कर. "तुमचा सगळ्यात मोठा ताण या फुग्यावर लिहा. आता मी तीन म्हटलं की फोडा. ताण गेला!" मागं एक माणूस मोबाईलवर फोटो काढत फिरत होता, जागेचा पत्ता आणि वेळ फोटोत छापून येते तसले. आमच्याकडं फोटोशिवाय काही घडत नाही.

मी फुगा फुगवला. मार्करचं टोपण काढलं. काय लिहू? शेजारणीनं लिहिलं होतं "झोप". पुढच्यानं "रिपोर्टिंग". मी "दोन किलो नऊशे" असं लिहिलं. हा आकडा फोडायचा? या माणसानं तीन म्हटलं की? मी तो फुगा खुर्चीवर ठेवला आणि बाहेर आले. मागून हॉलभर फटाफट फुगे फुटल्याचा आवाज आला आणि टाळ्या.

आशाताई पायऱ्यांवर बसल्या होत्या, दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन. मी शेजारी बसले. "काय फुटलं वं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसतायत. रडत होत्या.

त्या पायरीवर त्या पहिल्यांदा बोलल्या. मी काही विचारलं नाही. म्हणाल्या, "मला सांगून गेले असते तर मी टोपडं बांधून दिलं असतं. छातीला फडकं गुंडाळून दिलं असतं. शिव्या दिल्या असत्या, पन दिलं असतं." आणि पुढं, "म्याडम, मी लिवलं ना दोन किलो नऊशे, तवा माज्या मनात खरंच तेवढं झालतं ते. मला हाताला लागत हुतं. आन् सायब म्हनला काय पाजलं. मला वाटतंय मीच काय केलं का? आधीच लिवून टाकलं, म्हनून गेलं का ते?"

कमी शिकलेल्या बाईची अंधश्रद्धा म्हणून हे सोडून देता येईल. मी देणार नाही. साठ माणसांत उभं करून एखाद्याला खुनी ठरवलं आणि नंतर कुणी येऊन तसं नाही असं सांगितलंच नाही, तर शिकलेल्या माणसाच्याही डोक्यात हेच फिरेल.

"तुम्ही नाही लिहिलं," मी म्हणाले. "मी लिहायला लावलं."

"आगं पन अक्षर माजं हाय."

पहिल्यांदाच त्या मला अगं म्हणाल्या. परतीच्या एसटीत मी ठरवून टाकलं.

सोमवारी मी तालुक्याला माझा जबाब दिला, न मागता. शुद्ध मराठीत, पण या वेळी त्यात नजरचूक नव्हती. दर महिन्याला पंचवीसला पुढच्या पाच दिवसांच्या भेटी आगाऊ भरल्या जातात. ही भेट भरायला मी सांगितलं. आशाताई नको म्हणत होत्या. पोर्टलवर मी चढवलं. साहेबांनी वाचलं. आवाज या वेळी खाली होता, कारण खोलीत आम्ही दोघंच होतो.

"मॅडम, हे मागे घ्या. तुम्ही शिकलेल्या आहात, पुढं जाणाऱ्या आहात. तुमचं कंत्राट नव्यानं करायची फाईल माझ्यासमोर आलीय."

"त्या बाईचं काय होणार, ते सांगा आधी."

"मला तरी वरून विचारणा आहे ना! रकान्यात जबाबदार कोण हे लिहावं लागतं. कुणाचं लिहू, पंचवीस तारखेचं?"

तेही खोटं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांची कीव आली असती, बैठकीतलं ते एक वाक्य त्यांनी उच्चारलं नसतं तर. "माझं लिहा," मी म्हणाले, "आणि पंचवीस तारखेचंही लिहा." त्यांनी कागद फाईलमध्ये ठेवला.

तीन आठवड्यांनी मला प्रकरण बंद करायच्या कागदावर सही करायला बोलावलं. क्लार्कनं पान पुढं सरकवलं. आशाताईंना सक्त ताकीद देऊन कामावर ठेवलं होतं. मी सुटकेचा श्वास सोडला. पेन उघडलं. आणि खालची ओळ वाचली: "तसेच संबंधित आशा स्वयंसेविकेस ताणतणाव व्यवस्थापन कार्यशाळेत समुपदेशन देण्यात आले."

मी ती ओळ दोनदा वाचली.

"हे कुणी लिहिलं?"

"वरून रकाना आलाय, मॅडम. समुपदेशन दिले का, हो की नाही. नाही लिहिलं तर फाईल परत येते."

"ती बाई बाहेर बसली होती. तुमच्याच माणसानं आत घेतली नाही."

"अहो, नगरपर्यंत आली होती ना? झालं की." तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "करा सही. त्यांचं काम राहिलंय, तुमचंही राहील. सगळं चांगलंच झालंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती आजपर्यंत उतरलेली नाही. एका सातवी शिकलेल्या बाईनं, जे घडणारच होतं असं तिला वाटत होतं ते चार दिवस आधी लिहिलं, तर ती खोटी नोंद. तिला उभं करा, नोटीस द्या. आणि ऑफिसात एसीखाली बसून, जे घडलं नाही, घडू दिलं नाही, ते घडलं म्हणून लिहिलं, तर ती कार्यवाही! तिच्या नोंदीत निदान माया होती. यात काय आहे?

मी त्या ओळीवर काट मारली नाही. शासकीय कागदावर काट मारत नाहीत, हे मला माहीत आहे. मी तिच्या खाली लिहिलं: "समुपदेशन देण्यात आलेले नाही. सदर स्वयंसेविका हॉलबाहेर पायरीवर बसून होत्या. त्यांना आजही आधाराची गरज आहे." खाली सही, पूर्ण नाव, पदवीसकट. क्लार्कनं कपाळावर हात मारला.

गावी येऊन आशाताईंना सांगितलं. त्या उपकेंद्राच्या ओट्यावर शेंगा सोलत होत्या.

"कशाला लिवलं?" त्या एकदम उसळल्या. "माजं काम ऱ्हायलं हुतं ना? आता तुमचं जाईल! शिकून अक्कल आली का गेली?"

"ते खोटं होतं, ताई."

"हुतं तर हुतं." त्यांनी एक शेंग कचकन फोडली. मग म्हणाल्या, "माज्याकडं कोनी आलं न्हाई, म्हनून तुमी एवढं भांडला. त्या पोरीकडं कोन गेलं का वं? तिचा पान्हा तरी आटला का?"

माझ्या जबाबात, माझ्या पत्रांत, माझ्या त्या शूर ओळीत कुठंही त्या आईचा उल्लेख नव्हता. तिच्याकडं कुणी जावं, असा कुठला रकानाच नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी श्रीरामपूरच्या बाजूला गेलो. दोन एसट्या बदलून, पुढं उसाच्या एका रिकाम्या बैलगाडीतून. पोरगी फडात मोळ्या बांधत होती. आशाताईंना बघून तिनं हातातलं उसाचं वाढं खाली टाकलं आणि जागीच उभी राहिली.

"मावशे, तुला न सांगता आले मी," ती म्हणाली.

"व्हय. लई शिव्या देनार हाय तुला," आशाताई म्हणाल्या आणि तिला छातीशी धरलं. मग दोघी बांधावर बसल्या. किती वेळ, ते मी मोजलं नाही. टोळीचा मुकादम येऊन खाकरला, "बाई, कामाची येळ हाय." आशाताईंनी मान वर न करता सांगितलं, "मंग तू बांध दोन मोळ्या. हात हायत ना तुला?" तो माझ्याकडं बघायला लागला. मी काहीच मदत केली नाही. तो गेला, आणि खरंच वाकून मोळी बांधायला लागला.

मी लांब, शेताच्या धुऱ्यावर बसून होते. पोरगी बोलत होती, आशाताई ऐकत होत्या. मग आशाताई बोलत होत्या आणि ती पोरगी, एकोणीस-वीस वर्षांची, स्वतःचं लेकरू गेलेली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. तुझ्यामुळं नाही गं मावशे, असं म्हणत असावी. मला ऐकू आलं नाही. ऐकायचा मला हक्कही नव्हता.

परतताना आशाताई एसटीत बसल्या बसल्या झोपल्या, डोकं माझ्या खांद्यावर, तोंड उघडं. मला झोप आली नाही. राग येत होता, आणि तो मी मुद्दाम निवू दिला नाही. हे बरं झालं, गोड झालं, असं म्हणून मी घरी जाऊ शकत नव्हते. एका बाईला धीर द्यायचं काम एवढ्या मोठ्या यंत्रणेनं सोडलं ते कुणावर, तर बाळ गमावलेल्या मजूर पोरीवर. तेही तिच्या कामाच्या वेळेत, मुकादम खाकरत असताना.

माझं कंत्राट अजून "विचाराधीन" आहे. माझ्या त्या ओळीवर उत्तर आलेलं नाही. मी दर सोमवारी फोन करून विचारते.